लाजेपोटी लपवलेली दुखणी

(मेढा येथे वस्तीभेटीला जाणारे स्वयंसेवक आणि कामाचे हितचिंतक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



माझी ओळख करून देताना आजचा विषय 'काही नाजूक आजार' असा सांगितला गेला. ज्या आजारात माणसाची लघवी कोंडते आणि तो रात्रभर जमिनीवर गडाबडा लोळतो, त्याला नाजूक कसे म्हणायचे? म्हणून मी आधीच नावे घेऊन टाकते. आज आपण लघवीबद्दल आणि शौचाबद्दल बोलणार आहोत. किडनी, प्रोस्टेट आणि आतडी. पुढचा पाऊण तास हे शब्द पुष्कळ वेळा कानावर पडतील. मागच्या रांगेत मुले हसताहेत ते मला दिसते आहे. हसून घ्या, पण उठून जाऊ नका.

मी नर्स नाही. माझ्याकडे ईश्वरविज्ञानाची पदविका आहे आणि वस्त्यांवर फिरण्याचा काही वर्षांचा अनुभव आहे. औषध कोणते द्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तुम्हालाही नाही. मी बोलणार आहे ते डॉक्टर तपासून गेल्यावर उरलेल्या तेवीस तासांबद्दल. त्या तेवीस तासांत रुग्णाजवळ त्याची म्हातारी असते, सून असते, आठदहा वर्षांची नात असते, आणि आठवड्यातून एकदा तुम्ही असता.

आपण जावळीच्या कातकरी वस्त्यांवर जातो तेव्हा पहिला अडथळा औषधाचा नसतो, बोलण्याचा असतो. म्हाताऱ्याला विचारा, "बाबा, काय होतंय?" तो म्हणेल, "कंबर धरलीय." बाईला विचारा, ती म्हणेल, "उन्हाळी लागलीय, ऊन बाधलं." तिसऱ्या भेटीत कळते की बाबा रात्रीतून सात वेळा उठतो आणि थेंब थेंब होते. बाईच्या लघवीतून महिनाभर रक्त जाते आहे. यात अडाणीपणाचा काही संबंध नाही. आपल्या मंडळीतले शिकलेले निवृत्त शिक्षकसुद्धा प्रोस्टेटचा त्रास मुलाला सांगत नाहीत, फक्त उपासनेत दाराजवळच्या बाकावर बसू लागतात. तुमच्यातल्या किती जणांनी आपल्या वडिलांना हा प्रश्न विचारला आहे, ते मनाशी मोजा.

शास्त्राला ही लाज नव्हती. जुन्या करारात स्तोत्रकर्ता देव माझे मन पारखतो असे म्हणतो, तिथे काही ठिकाणी मूळ इब्री शब्द 'मूत्रपिंडे' असा आहे. माणसाच्या सर्वांत आतली, कोणाला न दिसणारी जागा म्हणून. मराठीत आपण तिथे 'अंतर्याम' वाचतो आणि पुढे जातो. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात यहोराम राजाच्या आतड्यांच्या दुखण्याची दोन वर्षांची हकिकत इतकी उघड लिहिली आहे की आपल्या शब्बाथ शाळेत ती कोणी शिकवत नाही. मात्र एक सावधगिरी. यहोरामाची कथा शिक्षेची आहे, आणि वस्तीवर आधीच 'कुणीतरी काही केलं', 'देव कोपला' असे बोलले जाते. तिथे ही कथा सांगू नका. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या पापांचा हिशेब काढणारे ईयोबाचे मित्र आपल्याला व्हायचे नाही.

आपल्या भागाचा या कामाशी जुना संबंध आहे. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. मोतीबिंदू आणि मूतखड्याचे रोगी बैलगाड्यांतून तिथे येत. शस्त्रक्रियेचे नाव लांबवर झाले, १९२८ मध्ये डॉक्टरांना 'सर' किताब मिळाला, सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. वाईचे विलिस पिअर्स स्मारक रुग्णालय तर तुमच्यातल्या अनेकांच्या जन्माचे ठिकाण आहे. आपण त्याला नुसते मिशन हॉस्पिटल म्हणतो. पण मूतखडा काढल्यावर त्या माणसाचे भांडे कोण रिकामे करत होते? त्याच्या जखमेखालची ओली चादर कोण बदलत होते? मळमूत्राला हात लावणे हे एका जातीच्या माथी मारलेल्या समाजात ते काम शिकलेल्या बायकांनी, रीतसर प्रशिक्षण घेऊन, गणवेश घालून केले. त्यांतल्या पुष्कळ आपल्याच मंडळ्यांमधल्या मुली आणि विधवा होत्या. त्यांच्या नावाची वाडी नाही. आपल्या घराण्यांत अशी एखादी 'नर्स आजी' असतेच. तिला काय काय करावे लागले हे तिने घरात सांगितले नाही, कारण ऐकणाऱ्यांना किळस येई.

आता कामाचे बोलू. पहिल्यांदा किडनी.

दोन किडन्या, प्रत्येकी मुठीएवढी. दोघी मिळून दिवसाला सुमारे १८० लीटर पाणी गाळतात आणि त्यातले दीडेक लीटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. बाकीचे शरीराला परत देतात. मधुमेह आणि रक्तदाब ही किडनी खराब होण्याची दोन मोठी कारणे. वस्तीवर आणखी कारणे दिसतात. कोळसा भट्टीवर, वीटभट्टीवर, ऊसतोडीला गेलेली माणसे दिवसभर आगीजवळ किंवा उन्हात राबतात आणि पाणी कमी पितात. बायका तर मुद्दाम पीत नाहीत, कारण पाणी प्यायले की आडोसा शोधावा लागतो. संध्याकाळी अंग ठणकते म्हणून टपरीवरून वेदनाशामक गोळी घेतात, रोज, वर्षानुवर्षे. त्या गोळ्या किडनीवर घाव घालतात. रुग्णाच्या पिशवीत कोणत्या गोळ्या आहेत हे पाहणे आणि त्या सगळ्या डॉक्टरांपुढे ठेवणे हे तुमचे पहिले काम. झाडपाल्याची पूडही लपवू देऊ नका. रागावू नका, फक्त दाखवायला सांगा.

सकाळी डोळ्यांखाली सूज, पायावर बोट दाबले की खड्डा पडणे, लघवीला बसणारा न जाणारा फेस, दिवसभरात लघवी दोन पेल्यांपेक्षाही कमी, जेवणावरून मन उडणे, अंगाला खाज, आडवे झाले की दम. यातले काही दिसले तर मेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचे. प्रार्थना वाटेत करता येते.

किडनीच्या रुग्णाची शुश्रूषा म्हणजे मुख्यतः मोजणे. किती पाणी आत गेले, किती बाहेर आले, सकाळी वजन किती. पाण्याचे प्रमाण डॉक्टर ठरवून देतात. पुष्कळदा ते काल झालेली लघवी अधिक साधारण अर्धा लीटर असे असते. यात चहा, पेज, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळे धरायचे. ज्या घरात घड्याळ नाही तिथे हे कसे करायचे? एका वस्तीवरच्या आजीने हे आम्हाला शिकवले. तिने नवऱ्याच्या वाट्याचे दिवसभराचे पाणी सकाळीच एका कळशीत वेगळे भरून ठेवले. चहा केला की तेवढे पाणी त्याच कळशीतून घ्यायचे. कळशी रिकामी झाली की दिवस संपला. लघवीसाठी तिने प्लॅस्टिकची बरणी ठेवली आणि कोळशाने बाहेरून रेघा मारल्या. तिला लिहिता येत नाही. तिची नोंद मात्र कोणीही वाचू शकले असते. तहान फार लागली तर चूळ भरायला द्यायची, ओठ ओले करायचे, लिंबाची फोड चोखायला द्यायची.

आणि कृपा करून शहाळे नेऊ नका. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे आणि केळी नेण्याची आपली रीत आहे, मला माहीत आहे. पण किडनी निकामी झालेल्याच्या रक्तात पोटॅशियम साचते आणि शहाळ्यात ते भरपूर असते. ते फार वाढले तर हृदय बंद पडू शकते. प्रेमाने नेलेल्या शहाळ्यापायी घात होऊ नये. कमी सोडियमचे म्हणून बाजारात मिळणारे मीठही तसेच; त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. साधे मीठच कमी करायचे. आपल्याकडे अवघड भाग सुकटीचा आहे. भाकरी, सुकट, मिरचीचा ठेचा एवढेच ताटात असताना सुकट बंद करा म्हटले तर राहिले काय? म्हणून सुकट धुऊन, पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, आठवड्यातून एखादे वेळी थोडी, असे डॉक्टरांना विचारून ठरवावे लागते. भाज्यांच्या बाबतीत वस्तीच्या बायका आपल्यापुढे आहेत. रानभाजी उकळून, पाणी टाकून, पिळून घेण्याची त्यांची पद्धत किडनीच्या रुग्णाला नेमकी हवी तीच आहे. शहरातल्या आहारतज्ज्ञ हेच छापील कागदावर लिहून देतात.

डायलिसिसविषयी जरा सविस्तर बोलते, कारण इथे तुमची गरज सर्वांत जास्त आहे. किडन्या पुरत्या थांबल्या की यंत्राने रक्त गाळावे लागते. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे मोफत होते. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांतही सोय होऊ लागली आहे. ऐकायला बरे वाटते. आता हिशेब करा. आठवड्यातून तीनदा म्हणजे वर्षाला १५६ दिवस. डोंगरातल्या वस्तीवरून मेढ्याच्या स्टँडवर यायचे, तिथून सातारा पंचवीसेक किलोमीटर, सुईवर चार तास, मग थकलेल्या माणसाला घेऊन परत. रुग्णाचा दिवस जातो आणि सोबतच्या माणसाची मजुरीही जाते. दोन महिने घर तग धरते. मग सोबतीला येणारा मुलगा म्हणतो, "या खेपेला राहू द्या." यंत्र मोफत असूनही माणूस डायलिसिस सोडतो तो इथे.

त्यात कागदांचा घोळ. रेशनकार्ड हवे, आधार हवे, दोन्हीवरचे नाव जुळायला हवे. वर्षातले सहा महिने भट्टीवर काढणाऱ्या कुटुंबाचे कार्ड कुठे तरी मालकाच्या पेटीत असते, किंवा नसतेच. आजारपण आल्यावर कागद काढायला निघालो तर उशीर होतो. म्हणून वस्तीभेटीत धडधाकट घराचेही कागद बघत जा. हे काम कंटाळवाणे आहे. बायबल अभ्यासाला जितके स्वयंसेवक मिळतात तितके यासाठी मिळत नाहीत.

डायलिसिससाठी ज्या हातावर नस जोडून फिस्टुला केलेला असतो, तो हात जपायचा. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही, कळशी उचलायची नाही, त्या कुशीवर झोपायचे नाही, घट्ट बांगडी नको. रोज सकाळी तिथे बोटे ठेवून बघायचे. मांजर गुरगुरावे तशी थरथर लागते. ती थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय. हे नातवंडांना शिकवा. मुलांना ती थरथर लावून बघायला आवडते, आणि ती विसरत नाहीत.

आता पुरुषांकडे वळते. प्रोस्टेट ही गाठ नव्हे, ती प्रत्येक पुरुषाला जन्मतः असते. मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी ग्रंथी, आणि तिच्या मधून लघवीची नळी जाते. वय वाढते तशी ती वाढते. साठीत निम्म्या पुरुषांमध्ये ती वाढलेली असते. बहुतेकांच्या बाबतीत ती कर्करोगाची नसते, पण कोणती कशाची आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही. रात्री वारंवार उठणे, धार बारीक होणे, कुंथावे लागणे, झाले तरी शिल्लक राहिल्यासारखे वाटणे, ही लक्षणे. आणि एखाद्या रात्री लघवी साफ कोंडते. सर्दीची काही औषधे किंवा दारू हे त्याला निमित्त होते. ओटीपोट नगाऱ्यासारखे ताणते. मूत्राशयात साधारण चारपाचशे मिलीलीटर मावते, त्या वेळी लीटरभर साचलेले असते.

अशा वेळी डोंगरातली माणसे पळसाची फुले वाफवून ओटीपोटावर बांधतात. मी त्याला हसत नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला तेव्हा यशया संदेष्ट्याने अंजिराचा लेप लावायला सांगितलाच होता. ऊब दिली की थोडा आराम पडतो, कधी लघवी सुटतेही. पण फुले बांधून सकाळची वाट बघायची नाही. फुले पोटावर असतानाच १०८ ला फोन. लघवी कोंडून राहिली तर तिचा दाब उलट किडन्यांवर येतो आणि प्रोस्टेटचा रुग्ण किडनीचा रुग्ण होऊन बसतो. वस्तीवर मी हे होताना बघितले आहे. आणि कोंडलेल्या माणसाला 'जोर येईल' म्हणून पाणी पाजू नका.

रुग्णालयात नळी घालतात. शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत, किंवा वय फार असेल तर कायम, ती नळी आणि पिशवी घेऊन म्हातारा घरी येतो. आमच्याकडे आलेल्या एका बाबाला कुठल्याशा रुग्णालयाने असेच घरी धाडले होते. सोबत एक चिठ्ठी, इंग्रजीत. पिशवी बाजेच्या वर खुंटीला टांगलेली, देवाच्या तसबिरीशेजारी. घरच्यांनी ती मानाने वर ठेवली होती! लघवी खाली वाहते, वर चढत नाही, एवढे त्यांना कोणी सांगितले नव्हते. वर टांगली तर पिशवीतली लघवी नळीतून मागे जाते आणि जंतू आत नेते. चार दिवसांत ताप, थंडी, भ्रम.

म्हणून पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. बाजेच्या कडेला हूक किंवा सुतळी बांधायची. जमिनीवर झोपणाऱ्यासाठी स्वच्छ घमेल्यात ठेवायची. नळीला पीळ पडू द्यायचा नाही, मांडीवर पट्टीने हलकेच चिकटवायची म्हणजे ओढ बसत नाही. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची, खालच्या तोटीतून. वरचा जोड सोडायचा नाही. आधी साबणाने हात, नंतर साबणाने हात. नळी आत शिरते ती जागा रोज साबणपाण्याने धुऊन कोरडी करायची. राख नको, हळद नको, डेटॉल नको. डॉक्टरांनी पाणी कमी करायला सांगितले नसेल तर दोन-अडीच लीटर पाणी प्यायला द्यायचे. साधी रबरी नळी काही आठवड्यांत बदलावी लागते, सिलिकॉनची जास्त टिकते. तारीख दारामागे कोळशाने लिहून ठेवा. आणि नळी कधीही ओढायची नाही, आत पाण्याचा फुगा असतो. भ्रम झालेला म्हातारा ती उपसू बघतो. त्याचे हात बांधू नका, सैल लेंगा घाला आणि जवळ बसा.

लघवी गढूळ, दुर्गंधीची झाली आणि ताप आला, रक्ताच्या गाठी आल्या, किंवा चार तासांत पिशवीत काहीच आले नाही, तर थांबायचे नाही. शस्त्रक्रिया झालेल्याची लघवी काही दिवस गुलाबी येते, त्याला घाबरू नका. लालभडक आणि गाठी आल्या तर मात्र घाबरा. त्याला महिना-दीड महिना जड उचलू देऊ नका आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका.

आमची अडचण अशी आहे की या कामाला येणाऱ्या सगळ्या बायका. मी गेले की बाबा घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतो. त्याचे बरोबरच आहे. सुनेने सासऱ्याची नळी धुवावी अशी अपेक्षा घरच्यांनी धरली तर दोघेही संकोचाने मरतात, आणि नळी तशीच राहते. मुलगा समोर बिडी ओढत बसलेला असतो, त्याला हे बायकांचे काम वाटते. पुरुषाने शिकवले की तो शिकतो, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून पाळकसाहेब, मी आपल्यासमोरच मागते आहे: मला सहा पुरुष हवेत. शक्यतो निवृत्त, ज्यांना स्वतःला हा त्रास आहे किंवा होऊन गेला आहे. 'बाबा, माझंही असंच होतं' हे वाक्य त्यांनी म्हटले की पुढचे सोपे जाते.

आतड्यांबद्दल थोडक्यात, कारण जुलाबाचे तुम्हाला बरेच माहीत आहे. जावळीचा पाऊस तुम्ही जाणता. पावसाळ्यात झऱ्याचे पाणी गढूळ होते आणि वस्तीवर जुलाब सुरू होतात. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचे पाणी पिंपात कालवून ठेवले आणि ते पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. मरणाचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. त्या छावणीत आई, भाऊ, आजी याच नर्स होत्या. ओआरएसचे एक पाकीट, एक लीटर उकळून गार केलेले पाणी, घोट घोट, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. चोवीस तासांनी उरलेले टाकायचे. मुलांना सोबत जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस, आशाताईंकडे असतात. अंगावरचे दूध बंद करायचे नाही. एकच आठवण: किडनीच्या रुग्णाला जुलाब झाले तर ओआरएस स्वतःच्या मनाने नको, फोन करून विचारा.

दुसरी गोष्ट एरंडेलाची. पोट फुगले, शौच नाही, वारा सरत नाही, उलट्या होताहेत, अशा माणसाला एरंडेल किंवा जुलाबाचे औषध देऊ नका. आतडे कुठे तरी अडलेले असू शकते आणि जुलाबाने ते फुटू शकते. तोंडाने काहीही न देता न्यायचे. शौचातून रक्त पडते त्याला सगळे मूळव्याध म्हणतात, आणि पुष्कळदा ती असतेही. पण चाळिशीनंतर रक्त, वजन घटणे, शौचाची सवय बदलणे एकत्र आले तर तपासून घ्यायलाच हवे.

आतड्याची शस्त्रक्रिया होऊन पोटावर वाट काढलेले रुग्ण आपल्याकडे मोजके आहेत, पण त्यांचे हाल सर्वांत जास्त. पोटावर आतड्याचे तोंड दिसते, ओठाच्या आतल्या बाजूसारखे लाल आणि ओलसर. ते तसेच असायला हवे. काळेनिळे पडले तर तातडीने न्यायचे. त्याला स्पर्शाची वेदना नसते. साध्या पाण्याने धुवायचे, भोवतालची कातडी कोरडी करायची, पिशवीचे भोक तोंडाच्या मापापेक्षा दोन-तीन मिलीमीटरच मोठे कापायचे, नाहीतर शौच कातडीवर साचून ती सोलवटते. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. या पिशव्या महाग. परवडत नाहीत म्हणून माणसे फडकी बांधतात, आणि वास येतो म्हणून झोपडीच्या मागच्या पडवीत झोपतात. एका ताईंनी लग्नाला, बाजाराला, भट्टीवर जाणे सोडले. पिशव्या नियमित मिळू लागल्यावर त्या पहिल्यांदा गेल्या त्या मेढ्याच्या बाजारात, बांगड्या भरायला.

देणगीदार बंधुभगिनींना एक स्पष्ट सांगायचे आहे. शाळेच्या दप्तराचा फोटो निघतो, पत्र्याच्या छपराचा निघतो. लघवीच्या पिशवीचा फोटो या अंकात येणार नाही, आम्ही काढूच देणार नाही. त्यामुळे या खर्चाचा पुरावा म्हणून तुमच्या हाती फक्त आमची वही असेल. ती कोणीही, कधीही येऊन पाहावी. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण सांगतो तेव्हा तो तेल-द्राक्षारस ओतून थांबला असे सांगतो. तो दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार देऊन गेला आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला. पुढचे दिवस त्या जखमी माणसाची घाण काढली ती रखवालदाराने. दिनार कशावर खर्च झाले याचा फोटो त्यानेही मागितला नव्हता.

आता काय हवे आहे ते सांगते. मेणकापड, जुनी सुती लुगडी धुऊन (टेरिकॉट नको, पाणी शोषत नाही), झाकणाची भांडी, हातमोजे, साबण, वजनकाटे तीन. साताऱ्यात राहणाऱ्या घरांनी महिन्यातून एक दिवस डायलिसिसच्या रुग्णासोबत चार तास बसायचे. त्याचा मुलगा तेवढा वेळ कामावर जाईल. पंधरा घरे तयार झाली तर दोन रुग्णांची आठवड्यातली एकेक खेप निभते आणि सहासात दिवस अडीअडचणीला हाताशी राहतात. मी मांडून पाहिले आहे. नावे मागच्या टेबलावर लिहायची. आणि घरी सुश्रूषा करणाऱ्या बाईला विसरू नका. रुग्णाजवळ बसलात की तिला सांगा, "जा, तासभर झोप." ती आधी नको म्हणेल. दुसऱ्यांदा सांगा.

चहानंतर इथेच प्रत्यक्ष दाखवायचे आहे. कापडी बाहुला आणि नळी-पिशवी आणली आहे, पिशवीत हळदीचे पाणी भरले आहे. बायका माझ्याबरोबर या खोलीत, पुरुष ओसरीवर आपल्या निवृत्त कंपाउंडर बंधूंबरोबर. सहा-सहाच्या गटाने या, अंगठ्या काढून ठेवा, हात आधी बाहेरच्या नळावर धुऊन या.